फक्त दोन महिने वापरलेला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एखादी तरी जाहिरात येतेच. "फाउलर बेड विकणे आहे, फक्त दोन महिने वापरलेला, एकदम नव्यासारखा, स्वतः घेऊन जाणे." फाउलर बेड म्हणजे पेशंटचा पलंग, हँडल फिरवून डोक्याकडची नि पायाकडची बाजू वर-खाली करता येते तो. जाहिरातीखाली एखादा "प्राइस प्लीज", एखादा हात जोडलेला इमोजी, संपलं. हेच जर कुणी सोफा विकायला काढला तर लोक पन्नास प्रश्न विचारतात, का विकताय, ढेकूण नाहीत ना, घरात कुत्रं होतं का, फोटोत तो डाग कसला. बेडखाली "का विकताय" असं विचारलेलं मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. सगळ्यांना कळतं. फ्रिज दोन महिने वापरलेला असेल तर ती चांगली बातमी असते, घेणारा खूश. इथे दोन महिने म्हणजे कुणाचे तरी दोनच महिने.

हे सगळं शहाणपण मला आत्ता सुचतंय बरं का. आधी मीही त्या जाहिराती अंगठ्याने वर ढकलून पुढे जायचे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं जवळजवळ गेलं. अठरा दिवसांनी हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला आणि कागदावर लिहून दिलं की घरी फाउलर बेड, एअर बेड, कमोड चेअर, कफ ओढून काढायचं सक्शन मशीन जमलं तर. घरी आणायला दोन दिवस हातात. नवा बेड बघितला, गादी रेलिंग धरून वीस हजाराच्या पुढे सांगितला. भाड्याने घ्यावा तर महिन्याचं भाडं अधिक डिपॉझिट, आणि डॉक्टरांना विचारलं किती दिवस लागेल तर ते म्हणाले सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही. आता भाड्याचा हिशोब करायला आकडा लागतो आणि तो आकडा घरात कुणी तोंडातून काढायला तयार नव्हतं. सहा महिने धरले तर भाडं परवडतं, दोन वर्षं धरली तर विकत घेतलेला परवडतो. नवरा कॅल्क्युलेटर उघडून बसला आणि मग त्याने तो तसाच बंद केला. म्हणून सेकंडहँड.

सहकारनगरमध्ये गेलो बघायला. दार उघडल्या उघडल्या डेटॉल आणि उदबत्ती असा एकत्र वास. टेबलावर हार घातलेला फोटो, आजींचा. हार अजून ताजा. त्यांचा मुलगा असेल पन्नाशीचा, डोक्यावरचे केस नुकते उगवायला लागलेले. त्याने काही सांगितलं नाही, आम्ही काही विचारलं नाही. तो आम्हाला थेट आतल्या खोलीत घेऊन गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी उकिडवा बसून हँडल फिरवून दाखवायला लागला, हे डोक्याकडचं, हे पायाकडचं, हे जरा अडकतं पण तेल सोडलं की फिरतं. अगदी मन लावून दाखवत होता. एअर बेडचा पंप लावून दाखवला. नऊ हजार सांगितले होते. माझा नवरा कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा घासाघीस करणारा माणूस, तो गप्प उभा. शेवटी त्या माणसानेच "आठ द्या" म्हटलं. म्हणजे आमच्या वतीने घासाघीससुद्धा त्यानेच केली.

टेम्पो भरला, दोरी बांधली, आणि निघता निघता तो धावत खाली आला, हातात मेणकापडाची गुंडाळी. "हे लागेल तुम्हाला, धुतलंय."

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "त्यावर कोण गेलं?" मी म्हटलं आई, आम्ही विचारलं नाही. तर म्हणाल्या विचारायला नको? आता हे ऐकून नवरा म्हणाला की हॉस्पिटलमध्ये अप्पा अठरा दिवस ज्या पलंगावर होते त्यावर किती गेले असतील, तिथे विचारलं का आपण? हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो, त्याला उत्तर नाही. पण सासूबाईंनी उत्तर दिलं. म्हणाल्या, "ते हॉस्पिटल आहे, हे घर आहे." आणि गंगेच्या गडूतलं पाणी तुळशीच्या पानाने चारी कोपऱ्यांवर शिंपडलं, मग माझ्या हातात डेटॉल दिलं. दोन्ही केलं. मला वाटतं तेच बरोबर होतं.

तर त्या बेडच्या रेलिंगच्या पाइपवर लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके होते. एक वर, एक वीतभर खाली. आम्हाला वाटलं कुणा नातवंडाचा उद्योग असेल. आमच्याकडे पेशंटचं करायला नर्सिंग ब्युरोचे मामा यायचे दिवसपाळीला, सोलापूरकडचे, फार कमी बोलायचे. पॅरालिसिस झालेल्या माणसाला गिळायला त्रास होतो, अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया, म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं आणि जेवताना पाठ उभी पाहिजे, जेवल्यावर अर्धा तास खाली करायची नाही, असं सगळं आम्हाला पढवलेलं होतं. पण उभी म्हणजे किती? जास्त उभं केलं की अप्पा उजवीकडे कलंडायचे, कमी केलं की ठसका. तीन दिवस आमची ही सर्कस. चौथ्या दिवशी मामांनी हँडल फिरवत फिरवत पाठीचा भाग वर आणला, त्याची कड बरोबर वरच्या ठिपक्यापाशी थांबवली, आणि पेज भरवली. ठसका नाही. वाटी संपवली अप्पांनी. मामा म्हणाले, "ताई, हे कुणीतरी मापून लावलंय. वरचा जेवणाचा, खालचा झोपेचा."

मी त्या ठिपक्यांकडे बघत बसले. कुणीतरी, बहुतेक सूनच असणार (मुलगा नेलपॉलिश शोधायला जाणार नाही, माफ करा), किती दिवस ठसके ऐकले असतील तेव्हा हा ठिपका लागला असेल.

एअर बेडच्या पंपावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, सेलोटेप पिवळी पडलेली, वर बॉलपेनने मोठ्या अक्षरात "बंद करू नये". ज्यांनी एअर बेड वापरलाय त्यांना माहितीये, त्यात हवेचे कप्पे असतात, पंप आळीपाळीने ते फुगवतो आणि सोडतो म्हणजे अंगाखाली एकाच जागी भार राहत नाही आणि बेडसोअर होत नाहीत. तरीही दर दोन तासांनी कूस बदलावी लागते ती लागतेच. त्या घरात पण कुणीतरी मोबाइल चार्ज करायला पंपाचा प्लग काढत असणार, नाहीतर अशी चिठ्ठी कोण लिहितं. आमच्याकडे कामवाल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात तो काढला, झाडू मारताना वायर मधे येते म्हणून. मग मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली.

लोक म्हणतात ना मेलेल्या माणसाच्या वस्तूत त्याचा जीव अडकलेला असतो. मला त्या बेडवर त्या आजी कधी जाणवल्या नाहीत, एकदाही नाही, आणि रात्री तीन-तीन वाजता मी एकटी त्या खोलीत बसलेली आहे. जाणवायची ती त्यांचं करणारी बाई. ठिपका तिचा, चिठ्ठीतलं अक्षर तिचं, रेलिंगला एका ठिकाणी सुती कापड गुंडाळून टाके घातले होते ते तिचे, तिथे हात घासत असणार. ती तर जिवंत आहे, सहकारनगरला, त्या दिवशी स्वयंपाकघरात असेल, मी तिला बघितलेलंसुद्धा नाही.

आता एक आडवाट. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या मावशीसाठी, नाशिकला, आम्ही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवला होता. पाच लिटरचा. तेव्हाचे दिवस आठवतच असतील, नव्याला वेटिंग, भाव विचारायची सोय नाही, ओळखीच्या ओळखीतून एक वापरलेला मिळाला. त्या मशीनला मीटर असतो, गाडीला किलोमीटरचा असतो तसा, पण तासांचा. किती तास चाललं ते त्यावर दिसतं आणि ते शून्य होत नाही, बंद केलं तरी आकडा राहतो. आमच्या हातात आला तेव्हा ३१२ तास. माझ्या भावाने गाडीत बसल्या बसल्या भागाकार केला, भागिले २४, बरोबर तेरा. आणि मग नाशिक येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

मावशी वाचली. एकवीस दिवस रात्रंदिवस चालू होता. पुढे तो ज्यांना दिला तेव्हा मीटर ८१६ वर होता आणि त्यांनीही भागाकार केला असणार, चौतीस दिवस. आता त्यातले तेरा कुणाचे, त्यांचं काय झालं, एकवीस आमच्या मावशीचे आणि ती आता मजेत गव्हाच्या कुरडया घालतेय, हे मीटरमध्ये कुठे दिसतं. आकडा एकच. मला त्या लोकांना ओरडून सांगावंसं वाटलं होतं की अहो, आमचा पेशंट बरा झाला, एकवीस दिवस चांगले आहेत! सांगितलंही. ती बाई फोनवर नुसतंच "हो का, हो का" म्हणाली. मावशी अजून कधीतरी विचारते, आधीच्या माणसाचं काय झालं गं? आम्हाला माहीत नाही, ज्याच्या ओळखीतून मिळाला त्यालाही माहीत नव्हतं, आणि मनापासून सांगायचं तर आम्ही शोधलं पण नाही.

अप्पा मे २०२३ मध्ये गेले. सकाळी, पाठ वरच्या ठिपक्यापाशी असताना, चहाच्या वेळेला. पुढचं सगळं जसं होतं तसं झालं, डॉक्टर, दाखला, फोनाफोनी, वैकुंठ स्मशानभूमी. तिथे विद्युतदाहिनीपाशी माणसाने नवऱ्याला विचारलं, पेसमेकर वगैरे आहे का? नव्हता. असला तर आधी काढावा लागतो, आत गरम होऊन त्याची बॅटरी फुटते. हे मला नंतर कळलं आणि मग अर्थातच रात्री झोप येत नव्हती तेव्हा मी वाचत बसले की काढलेल्या पेसमेकरचं पुढे करतात काय. बहुतेक फेकतात. पण अमेरिकेत शिकागोच्या डॉक्टरांनी मृतांच्या घरच्यांची परवानगी घेऊन असे पेसमेकर गोळा केले, ज्यांची बॅटरी चांगली शिल्लक होती ते निर्जंतुक करून आपल्या वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलला पाठवले, आणि तिथे ५३ पेशंटना ते बसवले. नवा घेण्याची ऐपत नसलेले लोक. २०११ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, नीट चालले. अमेरिकेत तोच पेसमेकर दुसऱ्याला बसवायला परवानगी नाही, मुंबईत तो कुणाच्यातरी छातीत टिकटिक करत लोकलने गेला असेल. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग बेडचं काय एवढं." मला हसू आलं आणि मग रडू.

तर त्या दिवशीचं सांगत होते. वैकुंठाहून सगळे परत आले, आंघोळी झाल्या, शेजारून पिठलं-भात आला, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला घर एकदम शांत झालं तेव्हा कुणाच्यातरी लक्षात आलं की पंप चालू आहे. सकाळपासून. रिकाम्या बेडवर कप्पे फुगतायत आणि उतरतायत. येणारा जाणारा प्रत्येकजण त्या खोलीत जाऊन आला होता, पण कुणी बटण बंद केलं नव्हतं, चिठ्ठी होती ना. आमच्याकडे माणूस वारला की "ऑफ झाला" म्हणायची पद्धत आहे, दिवसभर फोनवर तेच सांगत होतो सगळ्यांना, अप्पा ऑफ झाले, अप्पा ऑफ झाले. पंप शेवटी मी बंद केला. इतके महिने तो आवाज कानात होता की बंद झाल्यावर कान दुखल्यासारखे झाले.

तेराव्याच्या आधी गुरुजींनी शय्यादानाची यादी दिली. गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, काठी, तांब्याभांडं. सगळं नवीन आणायचं. म्हणजे गेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासात झोपायला नवीन गादी, जी त्याने कधी वापरली नाही, आणि ज्यावर तो सात महिने झोपला तो पलंग आतल्या खोलीत उभा, त्याचं काय करायचं ते कुठल्याच पोथीत नाही. मी टीका करत नाहीये, छत्री निवडायला नवरा स्वतः लक्ष्मी रोडला गेला आणि तासभर लावून लांब दांड्याची काळी छत्री आणली, अप्पांना तशीच लागायची, आणि त्या एका तासाने त्याला जेवढं बरं वाटलं तेवढं आमच्या कुणाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं.

बाकीच्या वस्तूंचं म्हणाल तर ठरलेलं असतं. घड्याळ मुलाकडे, अप्पांचं एचएमटी, चावीचं, ते नवऱ्याच्या हातात आहे. पुस्तकं लायब्ररीला. आजीच्या लुगड्यांची गोधडी तर आपण कौतुकाने पांघरतो, ती आजी गेल्याला तीस वर्षं झालेली असतात. पण चपला नाही. मेलेल्याच्या चपला घालू नयेत. यावर माझा भाऊ म्हणतो की मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, घड्याळ, ताट-वाटी आणि चपला लिलावात निघाल्या तेव्हा विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलर मोजले, तेव्हा कुणी म्हटलं नाही अशुभ. २०१२ मध्ये तर इंग्लंडमध्ये जिथे बापू पडले तिथली चिमूटभर माती आणि गवताची पाती विकली गेली. पण त्या घालायच्या चपला नव्हेत ना, काचेत ठेवायच्या. आमच्या अप्पांच्या चपला बाहेर स्टँडवर अजून आहेत, कुणी घालत नाही आणि कुणी हलवत पण नाही.

बेड मात्र हलवायला हवा होता, खोली एकच जास्तीची. महिनाभराने मी जाहिरात लिहायला बसले. "फाउलर बेड विकणे आहे, सात महिने वापरलेला." खोडलं. "थोडा वापरलेला." खोडलं, खोटं वाटलं. "कंडिशन उत्तम." हे चाललं. नवरा म्हणाला महिने लिहूच नकोस, मी म्हटलं लिहिते, सात म्हणजे बरे आहेत, घेणाऱ्याला बरं वाटेल. हे मी बोलून गेले आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. शेवटी महिने लिहिलेच.

एक मुलगी आली वडिलांबरोबर, पंचविशीची असेल, आयटीतली, हेडफोन गळ्यात. आईसाठी हवा होता. टेबलावर अप्पांचा फोटो होता, हार होता, तिने बघितला आणि नजर फिरवली. वडील तर खोलीत आत यायलाच तयार नव्हते, पॅसेजमध्ये उभे. त्या सहकारनगरच्या माणसासारखीच मीही खाली उकिडवी बसले आणि दाखवायला लागले, हे डोक्याकडचं, हे पायाकडचं, हे अडकतं. आणि मग ठिपके. हे न सांगता द्यायचं मला जमलंच नसतं, आम्हाला तीन दिवस लागले होते, तिला का लागावेत. म्हटलं, वरचा जेवणाचा, खालचा झोपेचा, पण तुझ्या आईची उंची वेगळी असेल तर थोडं मागेपुढे कर.

ती म्हणाली, "तुम्ही लावलेत हे?"

मी म्हटलं, "नाही, आधीच्यांनी."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिने हळूच बेडकडे बघितलं, मग माझ्याकडे, मनात हिशोब झालेला मला दिसला. एक नाही, दोन. मला वाटलं आता ही नको म्हणणार. पॅसेजमधून वडील म्हणाले, "जीपे करू का कॅश?"

सहा हजाराला दिला. पंपावरची चिठ्ठी आता वाचता येत नव्हती, मी नवीन लिहून चिकटवली होती, तेच शब्द.

दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला, काकू पंप घुर्रघुर्र करतोय, नॉर्मल आहे का, सोबत बारा सेकंदांची ऑडिओ क्लिप. मी ती तीनदा ऐकली. लिहिलं, हो, तसाच येतो आवाज, खाली जुना टॉवेल ठेव म्हणजे फरशी वाजणार नाही. तिने अंगठा पाठवला. त्यानंतर काही नाही. तिचा डीपी मधूनमधून बघते मी, आईच्या गळ्यात हात टाकलेला आहे, मागे कुठलातरी धबधबा, अजून तोच आहे. विचारलेलं नाही काही.